पांढऱ्या बोलेरोच्या मालकास

गुरुवार, ११ मे २०२३. पहाटे उठले. दुधाची पिशवी फुटकी निघाली, अर्धे दूध ओट्यावर. शालिग्रामनानांबरोबर सुरतेकडच्या पॅसेंजरने नरडाण्याला लग्नाला. ऊन भयंकर. नवरदेव घोडीवर बराच वेळ अडकून होता. जेवण चांगले, बट्टी मधे थोडी कच्ची. नानांच्या गुडघ्यांना लागले आहे, फार नाही. परत येताना बसायला जागा मिळाली.

एका दिवसाला एक पान हा माझा शाळेपासूनचा नियम आहे. पान तिथे भरत आले म्हणून थांबले. पण शालिग्रामनाना एका पानात मावण्यासारखे नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी इथे वेगळे लिहिते.

नाना जळगावात आमच्या गल्लीत समोरच राहतात. मूळचे शिंदखेड्याकडचे. तरुणपणी इथल्या एका डाळ मिलमध्ये लागले. मिलच्या मशीनचा आवाज असा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, पण नानांनी एक आरोळी ठोकली की गोदामाच्या टोकाचा हमाल वळून बघायचा. मालकाच्या मुलीच्या लग्नात माईकवाला ऐनवेळी आला नाही, तेव्हा मालक म्हणाले, ‘शालिग्रामला उभा करा, माईक नसला तरी चालेल.’ त्या दिवसापासून नाना लग्नात बोलतात. आमच्या खान्देशात लग्नाला भटजी नसला तर शोधून आणता येतो. माईकवाला चांगला नसला तर मात्र पुढची कित्येक वर्षे दोन्ही घरांत त्याचीच चर्चा. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे नाव, गाव, हुद्दा आणि नाते माईकवर गेले पाहिजे, आणि योग्य क्रमाने गेले पाहिजे. माजी सरपंचाच्या आधी आजी सरपंच. मामाच्या आधी काका. आणि सगळ्यांच्या वर जावई.

इतकी वर्षे माईकवर बोलून नानांचे घरचे बोलणेही तसेच झाले आहे. सकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणतात, ‘अक्का, चहा झाला असल्यास लाभ देण्यात यावा.’ रिक्षावाल्याला म्हणतात, ‘डाव्या बाजूला वळावे, ही नम्र विनंती.’ मी एकदा विचारले की नाना, तुम्ही घरात वहिनींशी तरी साधे बोलता का? तर समोरच्या घरातून वहिनींचाच आवाज आला, ‘परवा म्हणे, मीठ कमी असल्याची सर्वांनी नोंद घ्यावी. घरात आम्ही दोघंच.’

मार्च महिन्यात नाना एके दिवशी आले, पण चहाचे नाव काढले नाही. खुर्चीवर बसून टोपी गुडघ्यावर ठेवली.

‘अक्का, चुडामणच्या मुलीचं लग्न. नरडाण्याला. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याचे साहेब येणार. वरपक्ष म्हणतो, माईकवर इंग्रजी पाहिजे.’

चुडामण म्हणजे नानांच्या गावचा, नानांच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. त्याच्या स्वतःच्या लग्नातही माईक नानांकडेच होता.

‘मग?’

‘मग त्यांनी जळगावची एक पोरगी ठरवली आहे. अँकर. सपना नाव. कानाला लावायचा माईक आहे तिच्याकडे, हात मोकळे. चुडामण अडून बसला की शालिग्रामनाना नाहीत तर लग्न नाही. तेव्हा असं ठरलं, की माईक माझ्याकडे. पण मी कुठे अडलो, की पोरगी सुरू.’ नानांनी टोपी उलटी करून आत बघितले. ‘माझ्या गावची माणसं समोर बसणार, अक्का. त्यांच्यासमोर माईक हातातून गेला, तर पुढच्या सीझनला मला कोणी बारशालाही बोलावणार नाही.’

माझे शिक्षण भुसावळला कॉन्व्हेंटमध्ये झाले. वडील रेल्वेत होते. नन्सनी इंग्रजी शिकवले ते अर्धे व्याकरणाच्या तासाला आणि अर्धे सकाळच्या प्रार्थनेत, त्यामुळे माझे इंग्रजी अजूनही जरा हात जोडून उभे असल्यासारखे आहे. पण नानांना तेवढे पुरणार होते. रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. स्वागत झाले, सत्कार झाला, जेवणाचे झाले. मग ‘नम्र विनंती’वर गाडी आली.

मी सांगितले, रिक्वेस्ट म्हणा.

नानांनी दोनतीनदा म्हणून पाहिले. तोंड वाकडे केले.

‘यात दम नाही, अक्का. विनंतीचं तेच झालंय. जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये ही नम्र विनंती, असं मी म्हणतो तेव्हा लोक जेवून हात पुसत असतात. याच्यापेक्षा वजनदार काही नाही का?’

मी सहज म्हणून गेले, ‘बिसीच आहे, प्रार्थनेतले, वुई बिसीच दी. पण ते जुने झाले. आता कोणी बोलत नाही.’

‘बिसीच.’ नानांचा आवाज आपोआप मिलमधला झाला. समोरच्या घरातून वहिनींनी डोकावून बघितले. ‘आणि या दोघांत फरक काय?’

हा प्रश्न मीही लहानपणी विचारला होता. सिस्टरांनी दिलेले उत्तर मला आठवत नाही, म्हणून माझे सांगितले. ‘रिक्वेस्ट माणूस उभ्याने करतो. बँकेत करतो, तिकिटाच्या खिडकीवर करतो. नाही म्हणाले तर पुढच्या खिडकीवर जातो. बिसीच करणाऱ्याला पुढची खिडकी नसते. तो खालीच बसतो. आम्ही प्रार्थनेत म्हणायचो ते गुडघे टेकून.’

‘म्हणजे गयावया.’

‘गयावया करताना माणूस रडतो. यात रडत नाहीत. अगदी नीट, स्पष्ट सांगतात. फक्त गुडघे जमिनीवर असतात.’

‘मग हाच आपला शब्द,’ नाना म्हणाले.

‘नाना, हा रोज वापरायचा नाही. पैठणीसारखा आहे. ठेवणीतला.’

‘सूचनेची नोंद घेण्यात आली आहे,’ असे म्हणून नाना गेले. नोंद घेतली नव्हती, ते नरडाण्याला कळले.

मला लग्नाला नेण्याचे कारण एवढेच की मी पहिल्या रांगेत बसायचे आणि इंग्रजी चुकले तर खोकायचे. ‘एकदाच खोका,’ नाना गाडीत म्हणाले, ‘मी लगेच दुरुस्त करून घेईन.’

मंगल कार्यालय छान होते. कूलर होते. पण मांडवाच्या मागेच चूल लावली होती आणि आचाऱ्याने वांग्याच्या भाजीला फोडणी दिली, तीही नाना माईक हातात घेत होते नेमक्या त्याच वेळी. मला ठसका लागला.

नाना ‘लेडीज अँड जंटलमेन’ म्हणाले होते. माझा खोकला ऐकून थबकले. ‘जंटलमेन अँड लेडीज’ म्हणाले. मी पुन्हा खोकले. नाना घाबरले. ‘ओन्ली लेडीज’ म्हणाले. बायका हसायला लागल्या. मी हाताने नको-नको केले, पण तिसरा ठसका आलाच, तेव्हा नानांनी कपाळ पुसले आणि थेट मराठीत म्हणाले, ‘समस्त मंडळी.’

मंचाच्या बाजूला सपना उभी होती. पोरगी गुणी दिसली. हसली नाही. कानाचा माईक चाचपला तेवढाच.

मग नानांनी हिंमत परत आणायला ठेवणीतला शब्द काढला. कूलरसमोर गर्दी होती. ‘कूलरसमोरच्या मंडळींना आय बिसीच, बाजूला व्हावे.’ मंडळी चमकून बाजूला झाली. नाना खूश. पुढे ते थांबेनात. लहान मुलांनी मंचावर नाचू नये, आय बिसीच. अक्षता जपून ठेवाव्यात, आय बिसीच. कोणाची तरी डावी चप्पल मांडवात सापडली आहे, उजवी घालून फिरणाऱ्या सद्गृहस्थास आय बिसीच. थोड्याच वेळात कूलरसमोरची मंडळी परत कूलरसमोर आली. ‘विनंती’चे जे झाले तेच या शब्दाचे व्हायला एक सकाळही लागली नाही. मी मनातल्या मनात पैठणीने ओटा पुसला जाताना बघत होते.

एवढ्यात नवरदेव दीपक मारुतीच्या दर्शनाला घोडीवरून गेला आणि मंचावर टॉवेल-टोपीचे सत्कार सुरू झाले. इथे नानांच्या हातून जे झाले ते त्यांच्या हातून कधीच झाले नव्हते. माझ्या खोकल्यात वेळ गेला होता. पुण्याचे साहेब घड्याळ बघत होते. समोरच्या कागदावर वराचे काका, मामा, मावसे, फुवा अशी मोठी रांग होती, आणि मी शिकवलेल्या इंग्रजीत त्या सगळ्यांना एकच शब्द होता. नाना म्हणाले, ‘ऑल अंकल्स ऑफ द ग्रूम, कम टू द स्टेज.’

सगळे अंकल एकदम आले. गठ्ठ्यातून एकेक टॉवेल दिला, एकेक टोपी चढवली, फोटो काढला. झाले.

त्या घोळक्यात रतिलालभाऊ होते. दीपकच्या आत्याचे यजमान, म्हणजे फुवा, म्हणजे त्या घरचे जावई. घोळक्यात ते मामांच्या मागे होते. फोटोत त्यांची फक्त टोपी आली. त्यांनी केशरी टॉवेल घडीसकट खुर्चीवर ठेवला, त्यावर टोपी ठेवली, आणि कोणाशी न बोलता बाहेर गेले. आपली पांढरी बोलेरो आणून कार्यालयाच्या फाटकात आडवी लावली. काचा वर केल्या आणि आत बसून राहिले.

मिरवणूक परत आली. पुढे डीजे, मागे घोडी, घोडीवर दीपक, आणि सगळ्यांसमोर बोलेरो.

घोडी आत येत नव्हती हा प्रश्न नव्हताच. नवरदेव उतरून गाडी आणि फाटक यांच्या फटीतून चालत आला असता. पण त्यांच्या घराण्यात नवरदेवाला घोडीवरून उतरवायचा मान फुवांचा. फुवांनी हात दिल्याशिवाय नवरदेवाचा पाय जमिनीला लागत नाही. दीपकचे वडील तसेच उतरले, आजोबा तसेच उतरले. तेव्हा फुवा गाडीत आणि नवरदेव घोडीवर. दीपक फोन बघत बसला. घोडीने त्याच्या मुंडावळ्यांचे एक टोक चघळायला सुरुवात केली.

चुडामण धावत मंचाजवळ आला. ‘नाना, काही करा. मुहूर्त निघून चालला.’

नानांनी माईक उचलला. ‘पांढऱ्या बोलेरोच्या मालकास आय बिसीच.’

काही नाही.

‘मनःपूर्वक बिसीच.’

मांडवातून कोणी तरी म्हणाले, ‘चप्पल सापडली का मालकाला?’ आणि हशा झाला.

नानांचा चेहरा उतरला. वरपक्षातल्या एकाने सपनाकडे बघून मान हलवली. सपना पुढे आली, नानांना वाकून ‘सॉरी हं नाना’ म्हणाली आणि गोड आवाजात सुरू झाली. ‘पांढऱ्या गाडीच्या मालकांना रिक्वेस्ट आहे, कृपया गाडी पार्किंगमध्ये घ्यावी. थँक यू.’ आवाज सुंदर होता. गाडी हलली नाही. तिने पुन्हा रिक्वेस्ट केली. गाडीची काच थोडी खाली झाली, आतून अहिराणीत आवाज आला, ‘मी काय अंकल शे का?’ आणि काच वर गेली.

शेजारी बसलेल्या कुंदाबाई, रतिलालभाऊंच्या पत्नी, माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘यानं बठ्ठं आयुष्य रुसामाच गयं. आमना लगनमा बी रुसना होता. तवय त्याले घोडी पसंद नव्हती.’ आणि त्यांनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. ‘डिझेल संपनं की येई खाले.’

पण मुहूर्त डिझेलसाठी थांबणार नव्हता. नाना माईक ठेवून मंचाच्या कडेला रिकाम्या हाताने उभे होते. मी त्यांना माईकशिवाय असे उभे कधी पाहिले नव्हते. हातांचे काय करावे ते त्यांना कळत नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘अक्का, शब्द संपला.’

‘शब्द संपला, नाना,’ मी म्हणाले. ‘गुडघे शिल्लक आहेत.’

खरे सांगायचे तर मी ते थट्टेने म्हणाले. पण नानांनी खुर्चीवरचा तो केशरी टॉवेल उचलला आणि फाटकाकडे चालू लागले. माईक बंद, नाना बाहेर, आणि मांडवात एकदम शांतता. कूलरची घरघर ऐकू यायला लागली. नाना गप्प का, हे बघायला अर्धा मांडव त्यांच्या मागे निघाला. मीही निघाले, कुंदाबाईही.

बोलेरोच्या दाराशी डांबर उन्हाने मऊ झाले होते. नानांनी त्यावर टॉवेल अंथरला आणि दोन्ही गुडघे टेकले. हात जोडले. आणि माझ्या कानांनी मी ऐकले, नाना साधे बोलले. ‘करण्यात यावे’ नाही, ‘ही विनंती’ नाही, इंग्रजी तर नाहीच.

‘रतिलालभो, मनं चुकनं. तू फुवा शे. त्या काका-मामासनी गर्दीमा मी तुले उभं करं. उतर ना भो.’

इतके सुंदर बोलले, पण आत ऐकू गेले नाही. काचा बंद, एसी सुरू. शिवाय नाना ठेंगणे. बोलेरोच्या उंच सीटवरून रतिलालभाऊंना एवढेच दिसले की शालिग्राम हातात टॉवेल घेऊन उन्हातून चालत आला, दारापाशी थांबला आणि दिसेनासा झाला.

काच खाली आली. रतिलालभाऊंनी मान बाहेर काढली. खाली नानांची टोपी. ‘नाना? काय व्हयनं तुले? चक्कर उनी का?’ आणि घाबरून त्यांनी दार उघडले, ते नानांच्या खांद्याला लागले, नाना कलंडले, आणि रतिलालभाऊंनी त्यांना धरायला पटकन पाय खाली टाकला.

‘उतरनात,’ कुंदाबाई शांतपणे म्हणाल्या. ‘पाय टेकना जमिनले. आते परत चढता येत नही.’

हा नियम कोणाचा, कोणास ठाऊक. पण सगळ्यांनी तो तत्काळ मान्य केला. ‘फुवा उतरले’ अशी हाळी उठली, डीजेवाल्याला वाटले की लग्न लागले, त्याने गाणे लावले. घोडी दचकून दोन पावले मागे गेली. दीपक फोन सांभाळत म्हणाला, ‘फुवा, मला पण उतरवा ना.’

रतिलालभाऊ अवघडून उभे. एका हाताने नाना धरलेले, कारण नानांचे गुडघे आता उलगडेनात.

‘तू गुडघे कसाले टेकनात?’ ते नानांना म्हणाले.

‘सत्कार करी ऱ्हायनू,’ नाना म्हणाले. ‘तुना एकलाना.’

रतिलालभाऊंनी आजूबाजूला बघितले. अख्खे कार्यालय गोळा झाले होते. पुण्याचे साहेब फोनवर चित्रीकरण करत होते. फोटोत टोपीसुद्धा धड न आलेल्या माणसाला आता सगळीकडून कॅमेरे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, नानांना गाडीला टेकवून उभे केले, आणि जाऊन भाच्याला उतरवले. उतरवताना जरा जास्तच वेळ हात धरून ठेवला, पण तो त्यांचा हक्क होता.

नानांना दोघांनी धरून मंचावर आणले. एका बाजूला चुडामण आणि दुसऱ्या बाजूला खुद्द फुवा. सपनाने आपला कानाचा माईक बंद केला आणि नानांचा जुना जड माईक त्यांच्या हातात दिला. नानांनी घसा साफ केला. मला ठसका येत होता, मी तो पदरात दाबला.

‘वराच्या सख्ख्या आत्याचे यजमान, आजच्या मंगलकार्याचे पहिले मानकरी, ज्यांच्या हाताशिवाय या घराण्यात नवरदेव घोडीवरून उतरत नाही, असे श्रीमान रतिलालभाऊ यांनी एकट्याने मंचावर यावे.’

रतिलालभाऊ मंचावरच होते. ते खाली उतरले आणि परत वर आले.

जेवणाच्या पंगतीत सपना आमच्या शेजारी येऊन बसली. वरणात बट्टी कुस्करत नानांना म्हणाली, ‘नाना, तुमचा नंबर द्या. मी इंग्रजी सांभाळते. पण माझ्या लग्नांत दर खेपेला कोणी ना कोणी गाडीत जाऊन बसतंच. तिथे माझं काही चालत नाही. पुढच्या आठवड्यात पहूरला आहे एक, मुलाचे दोन फुवा आहेत.’

‘दोन?’ नानांनी हात थांबवला. ‘त्यांच्यात थोरला कोण, ते आधी कळवण्यात यावे.’

चुडामणने निघताना नानांना सांगितले की धाकट्या मुलीच्या वेळीही माईक तुमचाच. वरपक्षाने आक्षेप घेतला नाही. रतिलालभाऊंनी आपल्या बोलेरोतून आम्हाला स्टेशनवर सोडले. पुढची सीट त्यांनी नानांना दिली.

फलाटावर ऊन मावत नव्हते. नानांनी तो केशरी टॉवेल नळाखाली भिजवला, पिळला आणि माझ्यापुढे धरला. गुडघ्यांच्या जागी डांबराचे दोन गोल होते.

‘अक्का, डोक्यावर घ्या,’ म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितले तेव्हा लाजले आणि जोडले, ‘घेण्यात यावा.’

गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. नाना गुडघे चोळत होते. अमळनेर गेल्यावर त्यांनी विचारले, ‘ते बिसीच. आता कोणीच बोलत नाही म्हणालात ना?’

‘कोणीच नाही.’

‘बरोबर आहे,’ नाना म्हणाले. ‘गुडघे फार दुखतात.’

घरी आल्यावर वहीत दिवसाचे पान लिहिले. खाली एका ओळीची जागा उरली होती, ती झोपण्याआधी भरली: केशरी टॉवेल बादलीत भिजत घातला आहे. रंग सोडतो. वेगळा धुवायचा.